नर्सरीत रोप निवडायचं तर खालून वर बघा, फूल सगळ्यात शेवटी

दरवर्षी जून-जुलैत आमच्या जुळे सोलापूरच्या गल्लीत हेच बघते. गाडीच्या पायाशी दोन काळ्या पिशव्या, एकात फुललेला गुलाब, दुसऱ्यात मोगरा नाहीतर लिंबू, आणि दिवाळी येईस्तोवर त्या कुंडीत नुसती काडी उभी. मग लोक म्हणतात आमच्या हाताला झाडच लागत नाही. हाताचा काही संबंध नाही हो, त्यातली बरीच रोपं नर्सरीतच बिघडलेली असतात, आपण बघत नाही एवढंच.

चूक सगळ्यांची एकच असते. आपण वरून खाली बघतो. आधी फूल, मग पानं, मग भाव करायचा आणि चला घरी. पिशवीच्या बुडाकडे कोणी बघतच नाही. मी उलट करते, बुडापासून सुरू करते आणि फुलावर संपवते. ह्याच क्रमाने खाली सगळं लिहिलंय, क्रम मोडू नका, कारण एकदा फूल आवडलं की पुढचं काही दिसत नाही.

१. घरून निघायच्या आधी

पहिलं काम उन्हाचं. "आमच्याकडे ऊन येतं" एवढ्यावर रोप निवडता येत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ वाजता जिथं कुंडी ठेवायची त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढा. चार फोटोंत किती तास ऊन आहे ते कळतं. ५-६ तास असेल तर जास्वंद, गुलाब, लिंबू, बोगनवेल, मोगरा. दोन-तीन तास असेल तर ह्यांचा नाद सोडा, पानांची झाडं घ्या.

आपल्या सोलापूरची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून जरासा उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत ऐन मेमध्ये ऊन घुसतं. हिवाळ्यात बघून ठेवलेली "सावलीची जागा" तेव्हा सावलीची राहत नाही, फर्न नाहीतर पीस लिली तिथं ठेवलेली असेल तर करपते. पश्चिमेच्या भिंतीचंही तसंच, पारा ४२ च्या पुढे गेला की ती भिंत रात्री जेवणं झाली तरी गरम लागते.

दुसरं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बरेच जण झाडांना बोअरचं घालतात आणि ते जड असतं. कुंडीच्या काठाला पांढरा थर धरत असेल तर तुमचं पाणी जड आहे असं समजा. अशा पाण्यावर अनंत फार लवकर रुसतो, कारण त्याला आंबट माती लागते. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं, नर्सरीत कितीही गुबगुबीत असला तरी. साठवलेलं पावसाचं पाणी देणार असाल तरच अनंत घ्या.

कुंडी, माती, शेणखत हे सगळं रोप आणायच्या आधी घरात पाहिजे. यादी करा आणि एका फेरीत तीन-चार रोपांच्या पुढं जाऊ नका, त्याहून जास्त रोपं नीट तपासून होत नाहीत. सोबत एक पांढरा कागद, एक पुठ्ठ्याचा खोका आणि जुनी चादर घ्या. आपल्या गावात जुनी चादर नाही असं घर नसेल.

२. कधी जायचं

एप्रिल-मे मध्ये नको. किती मोह झाला तरी नको. पाऊस बऱ्यापैकी सुरू झाला की जुलै ते सप्टेंबर चांगला, आणि गुलाबासाठी दिवाळीनंतर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचे थंडीचे दिवस सगळ्यात उत्तम. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, मालक चार गिऱ्हाइकांत अडकलेला, तुम्हाला पिशवी हातात घेऊन बघायलाही जागा नसते. मधल्या वारी सकाळी जा.

पण सकाळी म्हणजे पाणी मारायच्या आधी. पाईपने पाणी मारून झालं की सगळी रोपं चमकतात, मान टाकलेलं रोपही तासाभरात उभं राहतं, पानावरचे किडे धुवून जातात, पिशवी जड लागते. अशा वेळी चांगलं-वाईट ओळखणं मलाही जमत नाही.

⚠️ *सावधान:* ट्रकमधून नुकताच उतरलेला माल घेऊ नका. आपल्याकडची बरीच शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमकडून नाहीतर पुण्याच्या बाजूने येतात. कडियम गोदावरीच्या काठचं, हवा दमट, तिथून निघालेलं झाड आपल्या कोरड्या वाऱ्यात उतरलं की पानं टाकतं. त्याचं पहिलं दुखणं नर्सरीत होऊन जाऊ द्या. सरळ विचारायचं, "मामा, हा माल कधी उतरलाय ओ?" दोन-तीन आठवडे झालेले असतील आणि रोपाला इथं आल्यावरची नवीन पालवी दिसत असेल तर पुढं जा.

३. आधी नर्सरी बघा, रोप नंतर

आत गेल्यावर पाच मिनिटं हात न लावता एक चक्कर मारा. मेलेली, सुकलेली रोपं तिथंच चांगल्या रोपांत ठेवलीयत का? एखादी रांग पांढऱ्या कापसासारख्या किडीने भरलीय का? पिशव्या पाण्यात उभ्या आहेत का? रोगट माल एका कोपऱ्यात वेगळा काढून ठेवलेला दिसला तर ती नर्सरी चांगली, तिथं कोणीतरी लक्ष देतंय. पिशवीत चार गवताच्या काड्या असल्या तर काही बिघडत नाही, पण पिशवीभर गवत माजलेलं असेल तर ते रोप कित्येक महिने तसंच पडून आहे.

४. पिशवी आणि मुळं (इथं घाई नको)

आता रोप निवडायला घ्या आणि ते उचला. नुसतं उचलण्यातच पहिली तपासणी होते. जमिनीला चिकटलंय, ओढल्यावर कट्‌कन आवाज येतो, म्हणजे पिशवीच्या भोकातून मूळ खाली जमिनीत गेलेलं होतं आणि तुम्ही ते आत्ता तोडलंत. असं रोप वर हिरवंगार दिसतं कारण ते पिशवीवर जगतच नव्हतं, खालच्या जमिनीवर जगत होतं. घरी नेलं की आठवड्यात मान टाकतं. मालक कधीकधी तुमच्यासमोर झटक्यात उचलून देतो, म्हणून रोप स्वतः उचलायचं.

मग पिशवी उलटी करून बुडाची भोकं बघा. एक-दोन पांढुरकी मुळं डोकावत असतील तर छान. काळपट जाड मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर रोप फार जुनं आहे.

मग पिशवी बाजूने हलकेच दाबा. थोडी दबते आणि परत येते, बरोबर. विटेसारखी कडक लागली तर आत मुळंच मुळं आहेत नाहीतर चिकणमातीचा गोळा वाळलेला आहे. अगदीच भुसभुशीत, आत काही धरलेलं नाही असं वाटलं तर रोप परवाच मोठ्या पिशवीत भरलंय, मोठ्या पिशवीचा भाव लावायला. ह्याची खात्री करायची तर खोड बुडाशी दोन बोटात धरून अगदी हळू वर उचलल्यासारखं करा. माती सोबत हलली तर मुळं धरलेली आहेत, नुसतं खोड वर आलं तर राहू द्या.

शेवटी पिशवीला नाक लावा. लाज वाटू देऊ नका. ओल्या मातीचा वास आला पाहिजे. आंबूस, गटारीसारखा वास आला तर आत मुळं कुजतायत.

हे सगळं मला एका लिंबाने शिकवलं. मेचा महिना, एका नर्सरीत अडीच फुटी झाड, त्याला सात लिंबं लटकलेली. मी मुळांचं विचारलं तर उत्तर आलं, "लिंबू लागलेत की ओ ताई, अजून काय पायजे?" मला पटलं. पंधरा दिवसांत लिंबं गळाली, महिन्यात पानं गेली. उपटलं तेव्हा पिशवीच्या आकाराचा मुळांचा गोळा जसाच्या तसा बाहेर आला, सुतळीच्या बंडलासारखा गोल गोल गुंडाळलेला, आणि मधली माती कोरडी ठणठणीत. मी रोज पाणी घालत होते, ते सगळं कडेने निघून जात होतं. त्या झाडाचं मला आजही वाईट वाटतं, कारण पिशवी एकदा हाताने दाबून बघितली असती तर तिथंच कळलं असतं.

✔️ *तपासा:* सहज उचललं गेलं, बुडाला मोजकी पांढरी मुळं, दाबल्यावर दबतं, खोड हलत नाही, वास मातीचा. पाचातलं एक जरी चुकलं तर शेजारचं रोप उचला. गुलाब, कढीपत्ता असल्या नेहमीच्या रोपांच्या तर पन्नास-पन्नास पिशव्या असतात, त्याच एकाचा हट्ट कशाला.

५. खोड आणि कलम

उंची बघून भुलू नका. सावलीत दाटीवाटीने ठेवलेलं रोप उन्हाच्या शोधात लांबत जातं, खोड काडीसारखं बारीक, दोन पानांत लांब अंतर. शेजारी बुटकं, जाड खोडाचं, बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं असेल तर तेच घ्या. काठीला बांधलेलं असेल तर दोरी सैल करून बघा स्वतः उभं राहतंय का. दोरी खोडात रुतलेली असेल तर नको.

कलमी झाडात (आंबा, गुलाब, चिक्कू) जोड शोधा. जोड म्हणजे खालचा खुंट आणि वरची काडी जिथं जुळते ती जागा, तिथं जराशी गाठ दिसते. गाठ भरलेली पाहिजे, फट नको, डिंक गळायला नको, प्लास्टिकची पट्टी रुतलेली नको. जोड मातीच्या वर स्वच्छ दिसला पाहिजे, मातीत पुरलेला असेल तर कलम आहे की नुसतं कोयीचं रोप ते कळणारच नाही.

आणि फुटवे कुठून आलेत ते बघा. जोडाच्या खालून आलेला फुटवा हा खुंटाचा, म्हणजे जंगली. गुलाबात लोक सांगतात सात पानं म्हणजे जंगली, पाच म्हणजे कलमी. ह्यावर विसंबू नका, बऱ्याच चांगल्या गुलाबांनाही सात पानं येतात. फुटवा जोडाच्या वर आहे की खाली एवढंच बघायचं. बरेचदा वरचं कलम कधीच मेलेलं असतं आणि खालचा जंगली फुटवा जोमात वाढलेला असतो, आपण तोच "जोमदार गुलाब" म्हणून घेऊन येतो आणि मग वर्षभर फुलाची वाट बघतो.

फांदी जिवंत आहे का अशी शंका आली तर मालकाला विचारून एका बारीक फांदीवर नखाने जरासं खरवडा. आत हिरवं ओलं दिसलं तर ठीक, तपकिरी कोरडं असेल तर ती फांदी गेली. गुलाबात शेंड्याकडून काळं पडत खाली येत असेल तर ती शेंडेमर, ते रोप ठेवून द्या.

६. पानं, पण खालच्या बाजूने

पान उलटं करा. किडे बहुतेक खालच्या बाजूला असतात आणि आपण वरून बघतो. मोबाईलचा टॉर्च लावा, कॅमेरा झूम करा.

पांढरा कापूस, विशेषतः शेंड्याला आणि पानाच्या देठाच्या बेचक्यात, तो मिलीबग. जास्वंदाला हमखास. फांदी हलवली की पांढरा भुरका उडतो ती पांढरी माशी. पानं चिकट लागतायत, त्यावर काळी बुरशी, खोडावर मुंग्यांची रांग, म्हणजे वर कुठंतरी मावा, मिलीबग नाहीतर खवले कीड आहे, मुंग्या त्या गोड चिकट्यासाठीच येतात. पान फिकट, वर बारीक बारीक ठिपके, मागे जाळी असेल तर लाल कोळी. हा आपल्या कोरड्या हवेत फार झपाट्याने वाढतो, अरेका पाम आणि गुलाब घेताना जरूर बघा.

आता पांढरा कागद काढा. फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके अर्धा मिनिट बघत राहा. नुसती धूळ असेल तर पडून राहते, ठिपके चालायला लागले तर कोळी नाहीतर फुलकिडे.

पिवळ्या पानाला मात्र लगेच घाबरू नका. बुडाची एक-दोन जुनी पानं पिवळी असणं साधी गोष्ट आहे. शेंड्याची नवीन पानं पिवळी, वेडीवाकडी किंवा आखडलेली असतील तर सोडा. दोन-चार पानं फाटलेली असली तरी काही होत नाही, वाहतुकीत फाटतात.

मी एकदा एका जास्वंदाच्या शेंड्याला असलेला एवढासा पांढरा ठिपका "घरी जाऊन पुसू" म्हणून आणला. दोन महिन्यांत गच्चीवरची बाकीची तीन जास्वंदं आणि पेरू, सगळ्याला मिलीबग. दोन झाडं काढून टाकावी लागली.

⚠️ *सावधान:* "फवारा मारला की जाईल" असं कोणी सांगितलं तर त्यांनाच म्हणा मारून ठेवा, मी पंधरा दिवसांनी येते.

७. आता फूल

पूर्ण फुललेलं रोप घेऊ नका, कळ्या असलेलं घ्या. एक फूल उमललेलं असावं, रंग आणि जात कळण्यापुरतं, गुलाबावरच्या लेबलवरचा फोटो बरेचदा भलत्याच फुलाचा असतो. फळझाडाला छोट्या पिशवीत फळं लागलेली असतील तर तो गुण समजू नका, तेवढ्याशा मुळांवर फळाचा भार झाडाला झेपत नाही. घेतलंच तर घरी आल्यावर फळं काढून टाका.

८. काही झाडांचं वेगळं

*डाळिंब.* सोलापूर जिल्हा डाळिंबाचा, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रसुद्धा इथंच केगावला आहे, त्यामुळे भगवा जातीचं रोप कुठंही मिळतं. पण तेल्या रोगाची भीतीही इथंच जास्त. पानावर, कोवळ्या फांदीवर पाण्याने भिजल्यासारखे तेलकट काळपट डाग बघा. गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं) रोगट झाडावरून बांधलेलं असेल तर रोग सोबत येतो, तुमच्या कुंडीपुरतं नाही, आसपास कोणाची बाग असेल तर तिलाही धोका. शेतात लावायला घेत असाल तर मातृवृक्ष, म्हणजे ज्यावरून कलम केलं ते झाड, कुठला ते विचारा, बिल घ्या, आणि एक-दोन पिशव्या उघडून मुळावर गाठी आहेत का बघा, त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांच्या.

*कागदी लिंबू.* पानावर खरबरीत, उठावदार तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळी कडा हा खैऱ्या रोग, नको. पानात पांढरी वेडीवाकडी रेघ ही नागअळी, एक-दोन पानांवर असेल तर चालेल. हे बहुतेक बियांपासूनच करतात, तेव्हा "कलमी आहे" म्हणून जास्त पैसे सांगितले तर जोड दाखवा म्हणायचं. बियांच्या रोपाला फळं यायला तीन-चार वर्षं तरी धरा.

*कढीपत्ता.* एका पिशवीत तीन-चार काड्या असल्या की घनदाट वाटतो. त्या वेगवेगळ्या रोपांच्या असतात आणि एकमेकींचं खातात. एकच जाड खोड असलेला घ्या.

*तुळस.* मंजिऱ्यांनी भरलेली, बुडाला लाकूड झालेली नको. कोवळी, मंजिरी न आलेली घ्या.

९. घरी आणताना

सगळं नीट निवडून रस्त्यात घालवणारे खूप आहेत. विजापूर रोडवरून दुपारी एक वाजता गाडीवर रोप धरून निघालात तर वीस मिनिटांच्या गरम वाऱ्यात पानं करपतात. पिशव्या खोक्यात घट्ट बसवा, मधे कागदाचे बोळे घाला, वरून चादर ओली करून पिळून सैलसर गुंडाळा. रोप खोडाला धरून उचलू नका, नेहमी पिशवीखाली हात. कारमध्ये असेल तर काचा बंद करून चहाला थांबू नका.

१०. पहिले पंधरा दिवस

आल्या आल्या कुंडीत लावायची घाई, ही ह्या टप्प्यावरची सगळ्यात मोठी चूक. आधी पिशवी बादलीत १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि निथळू द्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाहीतर लाल मातीचा गोळा एकदा पूर्ण वाळला की वरून घातलेलं पाणी आत शिरत नाही, म्हणून हे करायचं.

मग रोप बाकीच्या झाडांपासून लांब, जमलं तर दुसऱ्या कोपऱ्यात, १५ दिवस. पान रोज उलटं करून बघायचं. कीड दिसली तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थेंबभर लिक्विड सोप घालून नीट ढवळायचं आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

नर्सरीतलं रोप हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं असतं, ते एकदम आपल्या गच्चीच्या स्लॅबवर ठेवलं की पानांवर पांढरट डाग पडतात. पहिले तीन-चार दिवस सावली, मग सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं करत दहा-बारा दिवसांत त्याला लागेल तेवढ्या उन्हाची सवय करा.

कुंडी बदलायची ती आठवड्या-दहा दिवसांनी, संध्याकाळी. पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने उभी कापा. मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करा, फारच असतील तर कडेने तीन-चार ठिकाणी उभी चीर द्या. नुसती काळी माती भरू नका, ती ओली असताना चिखल धरते आणि वाळली की भेगा पडून कुंडीपासून सुटते. काळी माती, बारीक मुरूम नाहीतर जाड वाळू आणि मुरलेलं शेणखत असं मिसळून घ्या. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, कलमाचा जोड वर.

⚠️ *सावधान:* महिनाभर डीएपी, युरिया असलं रासायनिक खत काही नाही. मुळं अजून दुखावलेली असतात, खताने जळतात.

पहिल्या आठवड्यात चार-पाच जुनी पानं गळतील, पाणी वाढवू नका. बोट मातीत दोन पेरं घाला, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. पंधराव्या दिवशी शेंड्याजवळ बघा. तिथं कोवळी, उलगडत असलेली पालवी दिसली तर मुळं कामाला लागलीत, आता कुंडी बाकीच्या झाडांत नेऊन ठेवा.